पोट सुटते, की पोट हट्ट करते?

मराठीत पोट सुटते. वारा सुटतो, वास सुटतो, शाळा सुटते, एस्टी सुटते. त्याच क्रियापदाने पोटही सुटते. या वाक्याचा कर्ता पोट हाच असतो. ज्याचे ते पोट, तो माणूस वाक्यात आलाच तर षष्ठीत येतो : 'त्याचे पोट सुटले'. दोष कोणाचा हे व्याकरण विचारीत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र व्यायामशाळांच्या फलकांनी, चूर्णांच्या जाहिरातींनी आणि पुरवण्यांतल्या आरोग्यसदरांनी आपल्या हाती एक नवा शब्दप्रयोग ठेवला आहे : 'पोटावरची हट्टी चरबी'. इंग्रजीतले विशेषण हिंदीत 'जिद्दी' झाले आणि तिथून मराठीत 'हट्टी' होऊन उतरले. आमचे म्हणणे असे की हे विशेषण खोटे आहे, आणि शैलीच्या दोषाइतकाच त्याचा दुष्परिणाम मर्यादित नाही. वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाचे त्याने प्रत्यक्ष नुकसान होते.

वाङ्मयीन पानावर कमरेच्या घेराची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी कोणत्याही महाविद्यालयाच्या भाषाविभागात, दुपारच्या चहाच्या वेळी, खुर्च्यांवर बसलेल्यांकडे एकवार पाहावे. वाचणे, तपासणे, लिहिणे आणि बोलणे ही आपली चारही कामे बसून होतात (चौथे उभ्याने होते, पण टेबलाला टेकून). शिवाय शब्द माणसाला कोणत्या दिशेने ढकलतो हे पाहणे हाच आपला व्यवसाय आहे.

'चरबी' हा शब्दच मुळात निरागस नाही. 'फार चरबी चढली आहे' हे वाक्य ऐकून कोणी वजनकाटा शोधत नाही. ते उद्धटपणाविषयी आहे. माज आणि मेद यांची ही जवळीक जुनी आहे. ज्या समाजात बहुसंख्यांचे पोट हातावर असते, तिथे काहींचे दोंद हे साठ्याचे चिन्ह ठरणारच. व्यंगचित्रातला सावकार दोंदाशिवाय काढता येत नाही. दुसरीकडे आपण लंबोदराची पूजा करतो, आणि लग्नानंतर जावई 'अंगाने भरला' म्हणून सासुरवाडीचे समाधान होते. म्हणजे पोटाविषयी मराठी मनात थट्टा होती, हेवा होता, कौतुकही होते. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधला 'उपास' आठवा. वजन उतरवायला निघालेल्या माणसाला चाळीतला जो तो वेगळा पदार्थ सोडायला सांगतो, आणि आपण हसतो. पण त्या हसण्यात त्या माणसाच्या चारित्र्यावर कोणी शेरा मारीत नाही. 'हट्टी चरबी' हा शेरा मारते. हट्टी मुलाला जसे वठणीवर आणायचे तसे पोटाला आणायचे, आणि ते येत नसेल तर आईबापच ढिले, असा तिचा सूर आहे.

आता शरीराकडे वळू. फ्रान्समधल्या मार्सेय येथील वैद्य झां वाग यांनी १९४७ साली एक साधी गोष्ट मांडली. चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते याला अधिक महत्त्व आहे. नितंब-मांड्यांवर साठणारी चरबी तुलनेने सौम्य आणि पोटाभोवती साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकार यांच्याशी जोडलेली. पुढे कळले की पोटाच्या चरबीतही दोन प्रकार आहेत. एक त्वचेखाली, चिमटीत येणारी. दुसरी खोल, आतड्यांच्या आणि यकृताच्या सभोवती, चिमटीत कधीच न येणारी. ही आतली चरबी सतत उलाढाल करते, आणि तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. घातक आहे ती मुख्यतः हीच.

गंमत अशी की घातक असलेली ही चरबीच आधी आणि सहज हटते. चरबीच्या पेशीवर ॲड्रेनलिनचा निरोप घेणारी दोन प्रकारची दारे असतात. एक 'साठा सोड' म्हणते, दुसरे 'थांब' म्हणते. आतल्या चरबीत पहिल्याचे वर्चस्व असते, त्वचेखालच्या चरबीत दुसऱ्याचा अंमल अधिक चालतो. म्हणून वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले की आतला साठा त्या मानाने बराच जास्त घटतो. रक्तातली साखर, यकृतावरची चरबी, रक्तदाब यांच्यात सुधारणा दिसू लागते. आणि आरशात मात्र बेंबीखालची ती वळी जशीच्या तशी असते. ज्याला माणूस 'हट्टी' म्हणून दूषणे देतो तो बहुतांशी हा निरुपद्रवी थर असतो. जे धोकादायक होते ते केव्हाच जायला लागलेले असते, आणि तेवढ्यात 'काहीच फरक पडत नाही' म्हणून माणूस सारे सोडून देतो. विशेषणाने केलेले नुकसान आम्ही म्हणतो ते हे.

याच विशेषणाची दुसरी फसवणूक म्हणजे 'फक्त पोट कमी करा'. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५००४ बैठे-उठाव काढले. म्हणजे पाठीवर झोपून कमरेतून उठण्याचा तो शाळकरी व्यायाम. मग पोट, पाठ आणि नितंब अशा तिन्ही ठिकाणच्या चरबीच्या पेशी सुईने काढून तपासल्या. तिन्हीकडच्या पेशी सारख्याच प्रमाणात लहान झाल्या होत्या. पोटाला त्याच्या कष्टांचे वेगळे बक्षीस मिळाले नव्हते. स्नायूला इंधन लागते ते रक्तातून, आणि रक्त ते सर्वांगातून गोळा करते. पोटाच्या व्यायामाने चरबीखालचा स्नायू बळकट होतो, पाठीला आधार मिळतो, हे चांगलेच. पण कमरेला बांधायचे थरथरणारे पट्टे, घाम काढणारे रबरी पट्टे, रात्री चोळायची तेले यांच्या मागे पैसा घालवणाऱ्यांनी हे ५००४ उठाव ध्यानात ठेवावेत.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाचा खरा गाभा मात्र पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला आहे. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोंची. लहान बाळ सर्वच बाबतींत लहान असेल अशी अपेक्षा. पण ही बाळे स्नायूंनी आणि अवयवांनी लहान असूनही पाठीवरच्या त्वचेखालची त्यांची चरबी जवळपास टिकून होती. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 'कृश तरी मेदयुक्त भारतीय बाळ' ही कल्पना जगभरच्या वैद्यकात रूढ झाली. २००९ मध्ये पुण्यातील आणि लंडनमधील नवजात बाळांच्या चुंबकीय प्रतिमा तपासल्या गेल्या. पुण्याच्या बाळांच्या पोटात चरबी अधिक निघाली. पहिला घास तोंडात जाण्याआधीच!

याज्ञिकांनी जॉन युडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्यासह २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापले. त्यात ते दोघेच शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, अगदी निरोगी. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र इंग्रजाचे ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांचे २१.२ टक्के. सोबतच्या मजकुरात अशीही कबुली आहे की युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार बंद होण्याआधी ती गाठण्यासाठी धावणे. शास्त्रीय नियतकालिकात इतका चांगला विनोदी लेख आम्ही दुसरा वाचलेला नाही.

खेड्यातल्या त्या माता उपाशी होत्या असे नाही. पण त्या कमी खात होत्या, शेतात राबत होत्या, पालेभाजी-दूध त्यांच्या वाट्याला बेताचे येत होते. पोटाची खळगी भरण्याची भाषा बोलणाऱ्या समाजात, अर्धवट भरलेल्या पोटातून जन्मलेले मूल पुढे शहरात येते, बसून काम करते, पोटभर खाऊ लागते, आणि त्याचे पोट सुटते. या साऱ्या इतिहासाला 'हट्ट' म्हणणे हे अपुरे वाचन आहे. याच कारणाने आपल्याकडे मापेही वेगळी धरतात : कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा, निर्देशांक २५ ऐवजी २३ वरच सावधगिरी. माप घ्यायचे ते शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, नेहमीचा श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून घेतलेले माप शिंप्याच्या कामाचे, वैद्याच्या नव्हे.

मग करायचे काय? इथे महाराष्ट्रात लगेच दोन पक्ष पडतात. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे दिवसातून दोनदाच जेवणे आणि ऋजुता दिवेकर यांचे थोडे थोडे अनेकदा खाणे यांवरून घराघरांत जे वाद झाले, ते नवकवितेवरच्या वादांपेक्षा कमी कडवे नव्हते. आम्हांला या वादाचे आकर्षण नाही. दोन्हीकडची यशस्वी माणसे पाहिली तर दिवसअखेर एकूण कमी खाणे, चरणे थांबणे आणि तळण-साखर सुटणे हेच सामाईक आढळते. खरी उणीव आहे ती ताटातली. पोहे, उपमा, पोळी, भात, पुन्हा पोळी, आणि डाळ-उसळ चवीपुरती. उपवासाला तर साबुदाणा आणि बटाटा. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केली. वजन उतरताना पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना जोर देणारा व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि मुळातच स्नायू कमी असलेल्या आपल्या शरीराला तो तोटा परवडत नाही. २०२५ मध्ये भारतात आलेल्या मौंजारो, वेगोव्ही या सुयांनाही हाच नियम लागू आहे. भूक त्या कमी करतात. स्नायू राखण्याचे काम उरतेच.

चरकाने सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचे जे वर्णन केले आहे ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यातच फिरतो, अग्नी चेतवतो, अन्न झटपट पचते आणि पुन्हा भूक लागते, असे तो म्हणतो. म्हणजे स्थूल माणूस अधिक खातो तो हावरा म्हणून नव्हे, मेदच त्याला भूक लावतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या जाहिरातीपेक्षा अधिक न्यायी आहे. उपायही समंजस : पोटाला जड वाटेल पण पोषण कमी करील असे अन्न, जव, मूग, कुळीथ, ताक. कुळथाचे पिठले खाणाऱ्या कोकणाला हे वेगळे सांगायला नको. एका बाबतीत मात्र आम्ही चरकाच्या बाजूला नाही. व्यायामासोबत जागरण आणि चिंता हळूहळू वाढवावी असे तो स्थूलाला सुचवतो. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि चरबी नेमकी पोटात जमते, हे आता प्रयोगांनी दिसले आहे. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत आपण सर्वजण चरकाचा हा उपचार निष्ठेने घेतो, आणि परिणामही अंगावर वागवतो.

वेग आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास असावा. काही महिन्यांनी काटा अडतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला इंधनही कमी लागते. हा हिशेब आहे. त्या टप्प्यावर काट्याऐवजी फीत हाती घ्यावी, आणि साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

स्त्रियांचे प्रकरण निराळे आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच कमरेची मापे घेतली गेली, आणि जवळपास ४० टक्के स्त्रियांचे पोट मर्यादेबाहेर निघाले. पाळी थांबण्याच्या सुमारास चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. त्याआधी बाळंतपणात डिंकाचे, मेथीचे लाडू आणि पोट बांधून घेणे असते. बांधल्याने आधार मिळतो, चरबी हटत नाही. पुष्कळदा तर तिथे चरबीचा प्रश्नच नसतो. गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दुरावतात, काहींचे पुन्हा पुरते जवळ येत नाहीत, आणि पोट पुढे आलेले दिसते. अशी बाई वर्षानुवर्षे एक पोळी कमी करीत राहते, सासर-माहेरची टोमणेवजा चौकशी ऐकत राहते. तिला उपासाची गरज नसते. तिने फिजिओथेरपिस्टकडे जाऊन स्नायूंमधले अंतर मोजून घ्यावे, आणि ते मिटवण्याचे व्यायाम शिकावेत. ज्या भाषेत पोटुशी, पोटचे आणि पोटात माया हे शब्द आहेत, त्या भाषेत हे अजून कोणी तिला सहज सांगत नाही.