विश्लेषण : संत थॉमस खरंच भारतात आले होते का? उत्तर ‘नाही’ असेल तर काय बिघडतं?

३ जुलै हा संत थॉमस यांचा स्मरणदिन. केरळमधील सीरियन ख्रिस्ती तो ‘दुखराना’ म्हणून पाळतात. येशूच्या १२ शिष्यांपैकी एक असलेले थॉमस इ.स. ५२ मध्ये मलबार किनाऱ्यावर उतरले आणि इ.स. ७२ मध्ये चेन्नईतील मैलापूर येथे त्यांची हत्या झाली, अशी परंपरा आहे. पण ‘ते आले होते का?’ हा वाद काही मिटत नाही.

पुरावे काय सांगतात?

तिसऱ्या शतकातील ‘थॉमसची कृत्ये’ हा सीरियाक ग्रंथ त्यांना गोंडोफर्निस राजाच्या दरबारात नेतो. १९व्या शतकात या राजाची नाणी सापडली आणि तो काल्पनिक नव्हता, हे सिद्ध झाले. मात्र त्याचे राज्य वायव्येला होते, मलबारमध्ये नव्हे. मुझिरिस बंदरात तेव्हा रोमन व्यापारी येत असत, म्हणजे प्रवास शक्य होता. पण ‘शक्य होता’ म्हणजे ‘झाला’ नव्हे. पहिल्या शतकातील थेट पुरावा उपलब्ध नाही.

मग ठोस काय आहे?

सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने मलबारमधील ख्रिस्तींची नोंद केली. इ.स. ८४९ च्या कोल्लम ताम्रपटात तिथल्या चर्चला दिलेले हक्क कोरलेले आहेत. म्हणजेच पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी हा समाज इथे नांदत होता.

अस्थी कुठे आहेत?

मैलापूरच्या सांथोम बॅसिलिकामध्ये त्यांची कबर पूजनीय मानली जाते. चौथ्या शतकात त्यांच्या अस्थी एडेसा येथे होत्या. १२५८ मध्ये त्या इटलीतील ओर्तोना येथे पोहोचल्या. तिथून एक अस्थी १९५३ मध्ये कोडुंगल्लूरजवळ आणली गेली.

खरा प्रश्न कोणता?

या वादात दोन्ही बाजू एकच चूक करतात. एक बाजू म्हणते, पुरावा नाही, म्हणून हे परके. दुसरी इ.स. ५२ हे साल रहिवासी दाखल्यासारखे पुढे करते. पण भारतीयत्व जुनेपणावर ठरत असेल, तर १६व्या शतकात ख्रिस्ती झालेल्या वसईकरांचे काय? नागरिकाचा हक्क संविधान देते. २००० वर्षांपूर्वी कोणते गलबत किनाऱ्याला लागले, यावर तो अवलंबून नाही.

हे एकदा मान्य केले की इतिहास मोकळेपणाने तपासता येतो. भाविकांनाही त्याची भीती वाटण्याचे कारण नाही. जखमा स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणारा शिष्य थॉमसच होता. तरीही चर्चने त्याला संत मानले.