दोष जनावरांचा, की वेळेचा?

माळरान उजाड झाले की पहिला आरोपी ठरलेला असतो : चरणारे जनावर. दुसरा आरोपी त्याच्यामागे काठी घेऊन चालणारा माणूस. शेळीने रान खाल्ले, धनगराच्या मेंढ्यांनी डोंगर बोडका केला, हे कचेरीतही ऐकू येते आणि गावच्या पारावरही. हा निकाल एकदा उलटून तपासायचा असेल तर आफ्रिकेतल्या एका वृद्ध पशुपालकाची, एका माजी सैनिकाची हकीकत समजून घ्यावी. कारण हाच आरोप त्यानेही केला होता, आणि त्याच्या सांगण्यावरून शिक्षाही अंमलात आली होती.

त्याचे नाव ॲलन सेव्हरी. जन्म १९३५ चा, ऱ्होडेशियातला, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतला. वनस्पती आणि प्राणी यांचे शास्त्र शिकून तो विशीतच वन्यजीव खात्यात लागला. नव्या राष्ट्रीय उद्यानांसाठी जमिनी राखल्या जात होत्या. शिकार करणारे, ढोल वाजवून पिके राखणारे लोक तिथून उठवले गेले. तरी रान सुधारेना, उलट बिघडू लागले. गुरे तर तिथे नव्हतीच. मग दोष कोणाचा? सेव्हरीने हिशेब मांडला की हत्ती फार झाले, ते कमी केले पाहिजेत. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने मान डोलावली. पुढच्या काही वर्षांत सुमारे ४०,००० हत्ती मारले गेले. रान सुधारले नाही, आणखी बिघडले.

हे सारे त्याने स्वतःच जगाला सांगितले आहे. २०१३ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, अमेरिकेत भरसभेत उभे राहून ही आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी घोडचूक होती असे तो म्हणाला. ज्या समितीने शिक्का मारला तिचे नाव मात्र कोणाला आठवत नाही. समित्यांचे असेच असते.

नोकरीनंतर तो स्वतः गुरे पाळू लागला, इतर कुरणवाल्यांना सल्ला देऊ लागला. तेवढ्यात देशात युद्ध पेटले. मूठभर गोऱ्यांचे राज्य होते आणि काळ्या बहुसंख्येने त्याविरुद्ध शस्त्र उचलले होते. सेव्हरी गोऱ्या सरकारच्या फौजेत होता. माग काढणाऱ्या सैनिकांची खास तुकडी त्याने उभी केली. ज्या राज्यासाठी तो लढला ते अन्यायाचे राज्य होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. १९६८ साली तो संसदेत निवडून गेला, पण पुढे पंतप्रधान इयन स्मिथच्या पक्षातून बाहेर पडला. आपण काळ्या घरात जन्मलो असतो तर आपणही सरकारविरुद्ध हत्यार उचलले असते, अशा अर्थाचे तो १९७३ मध्ये जाहीरपणे बोलला आणि त्याचे स्वतःचेच लोक त्याच्यावर उलटले. १९७९ मध्ये त्याला देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिकोत राहून तो कुरणवाल्यांबरोबर काम करू लागला.

माग काढणारा सैनिक दिवसभर जमिनीकडे पाहून चालतो. मोडलेले गवत, दबलेली माती, उघडी पडलेली जागा हीच त्याची लिपी. जमीन वाचायला आपण तिथे शिकलो, असे सेव्हरी सांगतो. एक रान उघडे का आणि शेजारचे झाकलेले का, हा प्रश्न त्याला सोडेना. उत्तराचा मोठा भाग त्याला फ्रान्सच्या आंद्रे व्हॉझँ या शास्त्रज्ञाच्या लिखाणात सापडला. व्हॉझँने १९५० च्या दशकात दाखवले होते की अतिचराई जनावरांच्या संख्येने होत नाही. गवताला किती दिवस तोंड लागते आणि पुन्हा वाढायला किती दिवस मिळतात, यावर ते ठरते.

आम्ही कृषी महाविद्यालयात जे शिकलो ते संख्येचे गणित होते : एका हेक्टरला किती जनावरे. ते गणित निरुपयोगी नाही, पण अर्धे आहे. गवताचे पान जनावराने खाल्ले की मुळाशी आणि खोडाच्या बुडाशी साठवलेल्या अन्नावर ते नवे पान काढते. ते पान मोठे होऊन शिदोरी पुन्हा भरण्याआधीच दुसरा घास बसला तर मूळ आखडते. असे वारंवार झाले की ठोंब मरतो. एकच गाय रोज त्याच ठोंबाला तोंड लावत राहिली तरी तो मरेल. शंभर गायी एका दिवसात चरून पुढे गेल्या आणि दोन महिने फिरकल्या नाहीत तर तोच ठोंब टिकेल. तेव्हा जनावरे मोजण्याबरोबर दिवसही मोजा, हे त्याच्या आयुष्याचे सार आहे.

१९९२ मध्ये व्हिक्टोरिया धबधब्याजवळ त्याने आफ्रिकेतल्या लोकांना शिकण्यासाठी एक केंद्र काढले आणि त्यासाठी आपले कुरण देऊन टाकले. तिथे गुरे गुराख्यांच्या मागे एका कळपाने चरतात, ठरलेल्या पट्ट्यातून पुढच्या पट्ट्यात जातात आणि रात्री हलवता येणाऱ्या कोंडवाड्यात बसतात. शेजारच्या गावांतल्या नापीक शेतांवरही असे वाडे काही रात्री बसवतात. शेणमूत पडते, खुरांनी माती मोकळी होते, मग मका पेरतात. २०१० साली या कामाला अमेरिकेतले बकमिन्स्टर फुलर पारितोषिक मिळाले.

आपल्याकडच्या कोणत्याही धनगराला हे सांगितले तर तो हसेल. रिकाम्या रानात चार रात्री मेंढ्या बसवायच्या, मोबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि वाडा पुढे हलवायचा, हे त्याचे आजे-पणजे करत आले. तिकडे त्याला बक्षीस, इकडे त्याच माणसाला वनखात्याचा दंड!

पण साहेबाने सांगितले म्हणून खरे, हेही आपल्याला नको. त्याच्या पद्धतीवर शास्त्रज्ञांचे मोठे आक्षेप आहेत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कुरणतज्ज्ञांनी अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. पट्टे पाडून फिरवलेल्या चराईने गवत किंवा जनावराचे उत्पादन सरसकट वाढते असे त्यांना आढळले नाही. सेव्हरीचे म्हणणे, ते प्रयोग ठरावीक वेळापत्रकाचे होते, रान पाहून निर्णय घेण्याचे नव्हते. शिवाय गुरांच्या चराईने जगाचे हवामान पूर्ववत करता येईल असा जो दावा तो करतो, त्याला पुरेसा आधार नाही, असेच बहुतेक संशोधक म्हणतात. हत्तींच्या वेळी त्याला जी खात्री होती तीच खात्री इथेही दिसते. तेव्हा गवताला सवड द्या हे घ्यावे, बाकीचे तपासल्याशिवाय घेऊ नये.

आता आपल्या गावाचा प्रश्न. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार येथे चराईबंदी झाली आणि डोंगर हिरवे झाले, हे खरे आहे. तिथे गवताला सवड मिळाली आणि ते कापून नेण्याची सोय झाली. ज्याच्याकडे गोठा आहे, विळा चालवणारे हात आहेत, त्याला हे परवडते. ज्या भूमिहीन बाईचे पोट चार शेळ्यांवर आहे तिला बंदी म्हणजे शेळ्या विकणे. म्हणून ग्रामसभेत बंदीचा ठराव वाचला जाईल तेव्हा तिचा हिशेब कोणी मांडला आहे का, हे आधी विचारा.

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, आमची सूचना साधी आहे. गायरानाचे तीन भाग करा. एक पूर्ण बंद ठेवा. एक आज आहे तसा मोकळा ठेवा. तिसऱ्याचे पट्टे पाडून पाळीने चारा, आणि पाळी ठरवताना गावातला गुराखी आणि दरवर्षी येणारा मेंढपाळ या दोघांना बैठकीत बसवा. तीन पावसाळे गवताचे ठोंब मोजा, उघडी जमीन मोजा, चाऱ्याचे भारे मोजा. वहीत लिहून ठेवा. मग जे दिसेल त्यावर ठराव करा.

हत्तींचा निकाल मोजणी पुरी होण्याआधी लागला होता. गावातल्या शेळ्यांचा आणि मेंढ्यांचा तसा लागू देऊ नका.