विश्लेषण : मुंबईत एका कॉफीला ३०० रुपये का मोजावे लागतात? ‘स्पेशालिटी कॉफी’ म्हणजे नेमकं काय आणि त्यातले शेतकऱ्याला किती मिळतात?

माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात स्टीलच्या वाटी-पेल्यात फेसाळ फिल्टर कॉफी मिळते, तिला पन्नाशीची नोट पुरते. त्याच मुंबईत वांद्रे, खार किंवा कुलाब्याच्या एखाद्या नव्या कॅफेत काळ्या कॉफीचा एक कप २५० ते ३५० रुपयांना पडतो. त्यात दूध नसतं, साखर घालू नका असंही सुचवलं जातं, आणि मेन्यू कार्डावर कॉफीच्या मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि ‘संत्रं, गूळ, कोको’ अशी चवीची वर्णनं छापलेली असतात. काहींना हा निव्वळ शौक वाटतो, काहींना फसवणूक. समाजमाध्यमांवर ‘मुंबईतले सर्वोत्तम कॅफे’ अशा याद्या रोज फिरतात. पण ही कॉफी वेगळी का, तिची किंमत कशी ठरते आणि ती पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडतं, हे त्या याद्यांत नसतं.

स्पेशालिटी कॉफी म्हणजे काय?

ही केवळ जाहिरातीतली उपाधी नाही. कॉफी चाखणारे प्रशिक्षित परीक्षक ठरावीक पद्धतीने कॉफी तयार करतात आणि सुगंध, आंबटपणा, गोडवा, जिभेवर रेंगाळणारी चव यांना गुण देतात. १०० पैकी ८० किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर ती ‘स्पेशालिटी’ मानण्याची प्रथा आहे. कच्च्या बियांत किडलेले, काळे पडलेले, फुटलेले दाणे किती आहेत, हेही पाहिलं जातं. हे निकष ‘स्पेशालिटी कॉफी असोसिएशन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आहेत. अलीकडे या संस्थेने केवळ एका आकड्यावर न थांबता कॉफीची चव, तिचा उगम आणि खरेदीदाराला तिचं वाटणारं मोल अशा वेगवेगळ्या अंगांनी मूल्यमापन करण्याची नवी पद्धत आणली आहे.

साध्या भाषेत सांगायचं तर हापूस आणि ‘आंबा’ यांत जो फरक, तोच इथे. बाजारातली बहुतेक कॉफी अनेक मळ्यांतली एकत्र करून विकली जाते. स्पेशालिटी कॉफीत मळा, वाण, तोडणीचा हंगाम आणि फळावरची प्रक्रिया यांचा माग शेवटपर्यंत ठेवला जातो.

मुंबईत हे कॅफे कधी आले?

कॉफीगृह मुंबईला नवं नाही. भारतीय कॉफीचा खप देशातच वाढावा म्हणून कॉफी उपकर समितीने ‘इंडिया कॉफी हाऊस’ सुरू केलं, ते १९३६ मध्ये चर्चगेटला. पुढे १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने ही कॉफीगृहं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून देशभर ‘इंडियन कॉफी हाऊस’ चालवली. माटुंग्यात दक्षिण भारतीय वस्तीसोबत फिल्टर कॉफी रुजली. १९४० पासूनचं कॅफे मद्रास आणि डोळ्यांसमोर दळून पूड देणारं ‘म्हैसूर कन्सर्न्स’ हे त्याच परंपरेतले.

दुसरा टप्पा साखळी कॅफेंचा. बेंगळूरुच्या ब्रिगेड रोडवर १९९६ मध्ये पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं. टाटांसोबतच्या भागीदारीतून स्टारबक्सने भारतातलं पहिलं दुकान १९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईतच, हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन इमारतीत थाटलं. या टप्प्यात कॉफीपेक्षा बसायची जागा विकली जात होती.

तिसरा टप्पा बियांचा. २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ब्लू टोकाईने मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख पाकिटावर छापून ऑनलाइन विक्री केली, मग कॅफे उघडले. २०१६ मध्ये बेंगळूरुत ‘थर्ड वेव्ह’ आली. मुंबईत खारच्या चुईम गावठाणात ‘कोइनोनिया’, वांद्र्याच्या चॅपल रोडवर २०२० मध्ये ‘सबको’ आणि कुलाब्यात आंध्रातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी विकणारं ‘अराकू’ अशी ठिकाणं उभी राहिली. ही लाट मुंबईपुरती नाही. नागपूरचं ‘कॉरिडॉर सेव्हन’ देशभर बिया पाठवतं.

ही कॉफी येते कुठून?

बहुतांश शेजारून. भारतातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात, चिकमंगळूर, कोडगू आणि हासन या तीन जिल्ह्यांत पिकते. त्यानंतर केरळ आणि तमिळनाडू. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडी लागवड आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आज त्यांचंच नाव आहे. २०१९ मध्ये बाबाबुडनगिरी, चिकमंगळूर, कोडगू आणि अराकू इथल्या अरेबिकाला तसंच वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं.

इथली कॉफी प्रामुख्याने मोठ्या झाडांच्या सावलीत, मिरीच्या वेलांसोबत वाढते. देशाच्या उत्पादनात सुमारे ७० टक्के वाटा रोबस्टाचा आहे. रोबस्टा कडवट आणि कणखर, तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. स्पेशालिटी कॅफेत मात्र प्रामुख्याने अरेबिका असते. तिला उंची आणि थंडावा लागतो, आणि खोडकिडीचा धोका कायम असतो.

मग ३०० रुपये कशाचे?

एका कपाचा ढोबळ हिशेब करून पाहू. एका दुहेरी एस्प्रेसोला सुमारे १८ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. भाजताना दाण्याचं वजन १५ ते १८ टक्के घटतं. म्हणजे कच्च्या बिया लागतात साधारण २२ ग्रॅम. चांगल्या अरेबिकाच्या कच्च्या बियांचा दर किलोला १,००० रुपये धरला, तरी एका कपातल्या बियांची किंमत होते २२ रुपये.

त्याच ३०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी लागतो १५ रुपये. म्हणजे सरकारला जाणारा कर आणि शेतात पिकलेला माल यांच्या रकमेत फार अंतर नाही. उरलेला पैसा जातो भाजणी, दूध, वीज, लाखोंची यंत्रं, बरिस्तांचे पगार आणि सर्वांत जास्त बोचणारं मुंबईचं भाडं यांत. त्यात ५ टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहांना भाड्यावर किंवा यंत्रांवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. तो भारही कपातच उतरतो.

आणखी एक बाब. या कॅफेत एक ग्राहक लॅपटॉप उघडून एका कपावर दोन-तीन तास बसतो. उडुपी हॉटेलात तेच टेबल त्या वेळात कितीतरी वेळा रिकामं होऊन भरतं. त्यामुळे ३०० रुपयांत कॉफीइतकंच त्या खुर्चीचं भाडंही असतं.

जगात भाव भडकले, त्याचा परिणाम काय?

न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिकाचा भाव २०२३ च्या अखेरीस पाउंडाला दोन डॉलरच्या आसपास होता. ब्राझीलमधला दुष्काळ, व्हिएतनाममधलं घटलेलं पीक आणि साठ्यांची टंचाई यांमुळे डिसेंबर २०२४ मध्ये १९७७ चा विक्रम मोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव चार डॉलरच्या पुढे गेला. रुपयांत मांडायचं तर किलोचा दर साधारण ३६५ वरून ७५० रुपयांच्या वर पोहोचला. भारताची कॉफी निर्यातही २०२४-२५ मध्ये पहिल्यांदाच १८० कोटी डॉलरपर्यंत गेली. मालाच्या वजनापेक्षा वाढलेल्या भावांचा त्यात मोठा हात होता.

आता पुन्हा कपाकडे येऊ. किलोमागे जवळपास ४०० रुपयांची वाढ म्हणजे २२ ग्रॅममागे साडेआठ-नऊ रुपये. म्हणजे जागतिक बाजारातल्या ऐतिहासिक उसळीने कपाची किंमत नऊ-दहा रुपयांनी वाढणं समजण्यासारखं आहे. त्याहून मोठी वाढ झाली असेल, तर तिचं कारण ब्राझीलमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

शेतकऱ्याचा यात फायदा की तोटा?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. भारतात कॉफी पिकवणाऱ्यांत बहुसंख्य शेतकरी दहा हेक्टरपेक्षा लहान जमिनीचे आहेत. स्पेशालिटी दर्जाची कॉफी हवी असेल तर फक्त पिकलेली लाल फळं वेचावी लागतात. एकाच झाडावर तीन-चार वेळा तोडणी करावी लागते. पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्च्या बिया मिळतात. शिवाय मळ्यांत मजुरांची टंचाई आहे आणि आसामसारख्या दूरच्या राज्यांतून माणसं आणावी लागतात.

बाजारभाव पडलेला असताना हे कष्ट परवडतात, कारण स्पेशालिटी खरेदीदार बाजारापेक्षा बराच जास्त दर देतो. पण साध्या कॉफीलाच विक्रमी भाव मिळू लागला, की हे अंतर आटतं. सगळी फळं एकदम ओरबाडून, वाळवून व्यापाऱ्याला दिली तरी हातात चांगले पैसे येत असतील, तर दाणा-दाणा वेचण्याची जोखीम शेतकऱ्याने का घ्यावी? वाळवणीच्या दिवसांत अवेळी पाऊस आला तर सगळा प्रयोगच मातीत जातो. म्हणजे शेतकऱ्याला आलेले चांगले दिवस स्पेशालिटी कॅफेसाठी अडचणीचे ठरू शकतात.

यातून मार्ग एकच दिसतो, आणि तो म्हणजे दीर्घकाळाचा व्यवहार. भाव चढला तरी माल त्याच रोस्टरला आणि भाव पडला तरी दर ठरलेलाच, असा करार असेल तरच वेचून तोडणी टिकते. ‘थेट मळ्यातून’ हे शब्द आज जवळपास प्रत्येक पाकिटावर दिसतात. पण शेतकऱ्याला किती दर दिला, हे छापणारे रोस्टर फारच थोडे आहेत.

चांगलं कॅफे ओळखायचं कसं?

सजावट, निऑनची पाटी किंवा दुधावर काढलेलं पान यांवरून कॉफीचा दर्जा कळत नाही. काही साध्या खुणा मात्र उपयोगी पडतात.

भाजल्याची तारीख : पाकिटावर नुसती ‘अमुक महिन्यापूर्वी वापरा’ अशी सूचना नको, भाजल्याचा दिवस हवा. भाजल्यानंतर काही दिवसांपासून महिना-दीड महिन्यापर्यंत चव सर्वांत चांगली असते.

मळा आणि वाण : मळ्याचं नाव, ‘एस ७९५’ किंवा ‘चंद्रगिरी’सारखा वाण, आणि फळ धुऊन की गरासकट वाळवलं, हे सांगता आलं पाहिजे. काउंटरवरच्या माणसाला हे विचारून पाहा. उत्तर मिळालं नाही, तर पाटीवरचा मजकूर केवळ शोभेचा आहे.

दळण : तुमच्या कपासाठी बिया त्याच वेळी दळल्या जातात का? दळलेली कॉफी थोड्याच वेळात सुगंध गमावते.

काळी कॉफी : पहिल्या भेटीत बिनसाखरेची काळी कॉफी मागवा. सिरप आणि दूध खूप काही झाकतात. थंड होत जाताना चांगली कॉफी अधिक गोड लागते, वाईट कॉफी अधिक कडू.

महागडी कॉफी आवडलीच पाहिजे, अशी सक्ती नाही. फिल्टर कॉफीतली चिकोरी हा काहींना दोष वाटतो, पण तो दाटपणा आणि कडवटपणा हीच अनेकांची आवड आहे. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाहून घ्यावं.

पुढे काय?

देशात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा हिस्सा आजही परदेशी जातो आणि घरोघरी प्रामुख्याने इन्स्टंट किंवा फिल्टर कॉफीच प्यायली जाते. स्पेशालिटी कॉफीचा वाटा या सगळ्यात लहान आहे. गुंतवणूकदारांच्या पैशांवर वाढणाऱ्या साखळ्यांना मात्र वेगाने दुकानं उघडायची आहेत. दुकानं वाढली की एकसारखी चव लागते, आणि एकसारख्या चवीसाठी अनेक मळ्यांचा माल एकत्र करणं सोपं पडतं. ज्या वेगळेपणासाठी ग्राहक ३०० रुपये देतो, तेच यात सर्वांत आधी हरवण्याची भीती आहे.

त्यामुळे एखाद्या कॅफेला ‘शहरातलं सर्वोत्तम’ ठरवण्याआधी कपाच्या फोटोसोबत एक प्रश्नही विचारायला हवा : या कॉफीसाठी मळ्याला किलोमागे किती दिले? ज्या दुकानाला हा आकडा सांगताना संकोच वाटत नाही, त्याच्या ३०० रुपयांना निदान एक आधार आहे.