विश्लेषण : वेब अ‍ॅप आता तयार ‘कंटेनर’मधून, आतला माल कोण तपासणार?

न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरची गव्हाण फाट्यावर सतत वर्दळ असते. आत यंत्रे आहेत की कापड, याच्याशी ट्रेलरला देणेघेणे नसते. पेटीचे माप ठरलेले असल्याने ती ट्रेलर, रेल्वे वा जहाज, कशावरही बसते. वेब अ‍ॅप सर्व्हरवर चढवण्याची आजची प्रचलित पद्धत याच कल्पनेवर उभी आहे आणि तिचे नावही ‘कंटेनर’च आहे.

कंटेनर इमेज म्हणजे काय?

अ‍ॅपचा कोड आणि तो चालण्यासाठी लागणाऱ्या लायब्ररी यांचा एकत्र बांधलेला संच म्हणजे इमेज. ‘माझ्या लॅपटॉपवर चालते, सर्व्हरवर नाही’ ही जुनी तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली. मार्च २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने ही पद्धत रुळवली. इमेजचे सामाईक मानक ठरवण्यासाठी २०१५ मध्ये ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ स्थापन झाली.

अ‍ॅप सुरू कसे होते?

तयार इमेज ‘डॉकर हब’सारख्या रजिस्ट्रीत, म्हणजे ऑनलाइन गोदामात, ठेवलेली असते. ‘गुगल क्लाऊड रन’ किंवा ‘रेंडर’सारख्या होस्टिंग सेवेला इमेजचा पत्ता, पोर्ट क्रमांक आणि आवश्यक सेटिंग्ज दिल्या की ती इमेज उतरवून अ‍ॅप सुरू करते. सर्व्हरची देखभाल ती सेवाच करते. छोट्या व्यावसायिकाला वेगळा सर्व्हर तज्ज्ञ नेमावा लागत नाही.

मग धोका कुठे?

पेटी दुसऱ्याने भरलेली असते. २०१८ मध्ये डॉकर हबवरून १७ घातक इमेज हटवण्यात आल्या. त्या ५० लाखांहून अधिक वेळा उतरवल्या गेल्या होत्या. त्यांपैकी अनेक इमेज दुसऱ्याच्या सर्व्हरवर गुपचूप क्रिप्टो चलनाचे ‘मायनिंग’ करत होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीत गंभीर त्रुटी आढळली. दुरुस्ती आली, पण जुन्या इमेजमध्ये ती आपोआप पोहोचत नाही. इमेज नव्याने बांधावी लागते.

काय काळजी घ्यावी?

इमेज अधिकृत प्रकाशकाचीच घ्यावी. ‘लेटेस्ट’ या टॅगखालील इमेज कधीही बदलू शकते. म्हणून नेमकी आवृत्ती किंवा ‘डायजेस्ट’ हा ठसा नमूद करावा. एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. त्रुटी शोधणारे स्कॅनर ठरावीक काळाने चालवावेत. पासवर्ड इमेजमध्ये ठेवू नयेत. कंटेनर बदलला की त्यात साठवलेल्या फाइल्स जातात. ग्राहकांच्या ऑर्डर, प्रवेश अर्ज वा छायाचित्रे बाहेरील डेटाबेस आणि कायमस्वरूपी साठवणुकीत हवीत.

बंदरात पेटीचे सील आणि कागदपत्रे तपासायला सीमाशुल्क विभाग असतो. इथे ते काम अ‍ॅप चालवणाऱ्यालाच करावे लागते. तयार इमेजने मेहनत वाचते, जबाबदारी टळत नाही.