चालत्या यंत्राचे निवृत्तिपत्र

आमच्या घरच्या सोप्यावर आजोबांनी घेतलेले लंबकाचे घड्याळ अजून टोले देते. मध्यंतरी त्याची कमान तुटली, तेव्हा म्हापशाच्या एका वृद्ध घड्याळजीने दुसरी बसवून दिली. मूळ कारखान्याची परवानगी त्याला घ्यावी लागली नाही. तो कारखाना आज आहे की बुडाला, हेही आम्हांस ठाऊक नाही.

संगणकाची गोष्ट निराळी. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण सांभाळ थांबवला. त्या दिवशी त्यामुळे एकही संगणक बंद पडला नाही. परंतु अशा प्रणालींत चोरांना शिरण्याजोग्या फटी वरचेवर सापडत असतात, आणि त्या नीट बुजवणे कंपनीलाच शक्य असते, कारण मूळ आज्ञावली तिच्याच कुलपात असते. घड्याळजीला येथे वावच नाही. पुढची ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. २०१६ साली घेतलेला उत्तम संगणकही तिच्या नियमांत बसत नाही. घरगुती ग्राहकांस आणखी एका वर्षाची मुदत देण्यात आली. पण मुदतवाढ म्हणजे काही उपाय नव्हे.

मग कंपनीने जन्मभर राबावे काय? तसे माझे म्हणणे नाही. २०१५ पासून दहा वर्षे सांभाळ केला, हे थोडे नव्हे. तथापि ‘जुन्याची दुरुस्ती होणेच नाही’ असे कोणी म्हटले, तर ते मला मान्य नाही. ‘विंडोज एक्सपी’चा सांभाळ एप्रिल २०१४ मध्ये संपला होता, तरी मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’चा उपद्रव दीडशे देशांत पसरताच त्याच कंपनीने एक्सपीसाठीही दुरुस्ती पुरवली. निकड भासली, तेव्हा ते जमले.

औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. तशीच सांभाळाची तारीख यंत्राच्या खोक्यावर ठळक का असू नये? युरोपीय संघाने जून २०२५ पासून मोबाइल व टॅब्लेट यांच्यासाठी नियम लागू केला, की त्या नमुन्याचा शेवटचा नग बाजारात आल्यावरही निदान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा मिळाव्यात. आपल्याकडेही ग्राहकांनी हे मागितले पाहिजे.

तोवर शाळांनी टाकाऊ ठरवलेल्या संगणकांवर लिनक्स बसवून पाहावे. तिची आज्ञावली खुली आहे, जुन्या यंत्रांना झेपतील अशी तिची हलकी रूपे मिळतात, आणि देवनागरीही तीत लिहिता येते. विद्यार्थी ती चटकन आत्मसात करतील. आरंभी कुरकुरू ते आम्ही शिक्षकच.