पाऊस वाढणार की घटणार?

शहापूर-मुरबाडकडच्या घरांत पावसाबद्दल दोन प्रश्न निघतात. पहिला जुना आहे: यंदा पाऊस कसा? दुसरा नवा आहे. मुलांचे शिक्षण आणि जमीन ठेवावी की विकावी, याचा विचार करताना तो पुढे येतो: अजून पंचवीस-तीस वर्षांनी इथे पाऊस कसा असेल? वर्तमानपत्रात एकदा ‘पाऊस वाढणार’ असे छापून येते, एकदा ‘पाऊस घटला’ असे. वाचणारा वैतागून म्हणतो, शास्त्रज्ञांनाच काही कळत नाही. पण या दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कशा, ते या महिन्यात पाहू.

आधी घरातलेच उदाहरण घेऊ. २०१६ साली रमजान जूनमध्ये सुरू झाला. पाऊस लागलेला नव्हता, दिवस मोठा, घसा कोरडा पडायचा. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा आधी येतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमधला. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा येईल. आता कुणी फक्त रोज्याच्या तहानेवरून हिशेब मांडला, तर तो सांगेल की २०१६ पासून हवा थंड होत चालली आहे. खरे तर हवा तापतच आहे, फिरतो आहे तो महिना. साधारण ३३ वर्षांनी रमजान पुन्हा जूनमध्ये येईल, तेव्हा तो जून आधीच्यापेक्षा जास्त तापलेला असेल.

पावसातही अशा दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे दिशा. कोळसा आणि तेल जाळून निघणाऱ्या वायूंनी हवा तापते, आणि एक अंश तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. दुसरी म्हणजे निसर्गाचा स्वतःचा चढउतार. प्रशांत महासागराचे पाणी तापले की एल निनो होतो आणि बहुतेक वेळा आपला पाऊस मार खातो. हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला की पावसाला जोर येतो. काही चढउतार वर्षभराचे असतात, काही वीस-तीस वर्षे चालतात. रमजानची तारीख आधी काढता येते. या चढउतारांचे मात्र असे कॅलेंडर नाही.

अलीकडची दोन वर्षे आठवा. २०१९ मध्ये जून कोरडा गेला. मग हिंदी महासागराची साथ मिळाली आणि देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला. त्या वर्षी मान्सूनने परतीला सुरुवात केली तीच ९ ऑक्टोबरला. महिनाअखेरीच्या पावसात ठाणे जिल्ह्यातले कापणीला आलेले भात भिजले. २०२३ मध्ये एल निनो होता, आणि देशाने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला. यावरून ‘एल निनो म्हणजे दुष्काळ’ असे सूत्र मांडावे, तर १९९७ आडवे येते. त्या वर्षी शतकातल्या सर्वांत मोठ्या एल निनोंपैकी एक होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका पडला.

मग पुढच्या तीस वर्षांचे सांगायचे कसे? अमेरिकेत बोल्डर येथील वातावरण संशोधन केंद्रात क्लारा डेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले. तेच संगणकीय मॉडेल, तेच वायूंचे प्रमाण, आणि सुरुवातीच्या तापमानात एका अंशाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी फरक. असे ते मॉडेल तीस-चाळीस वेळा चालवले. साऱ्या जगाची सरासरी काढली, तर प्रत्येक वेळी पृथ्वी तापलेलीच दिसली. एकेका प्रदेशाचे चित्र मात्र दर वेळी वेगळे. उत्तर अमेरिकेतला एखादा भाग पन्नास वर्षांत एका खेपेला खूप तापला, तर दुसऱ्या खेपेला जवळजवळ तापलाच नाही. सगळ्या खेपांची सरासरी म्हणजे माणसाने केलेला बदल, आणि खेपाखेपांतला फरक म्हणजे निसर्गाचा वाटा.

आपल्या देशाचा हिशेब पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० च्या अहवालात मांडला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ मध्ये पावसाळ्याचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ठळकपणे घटला तो गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. तोच अहवाल पुढच्या काळात पाऊस वाढेल असेही सांगतो. या घटीत हवेतल्या धूलिकणांचा वाटा किती आणि निसर्गाचा किती, यावर अजून वाद चालू आहे.

आपल्या भागात अडचण आणखी वाढते. जगाच्या मॉडेलमधला एक चौकोन शंभर-दोनशे किलोमीटरचा असतो. मुरबाडचे धो धो पावसाचे माळशेज आणि घाटापलीकडचा जुन्नरचा कोरडा भाग त्यात एकत्र येतात. शिवाय प्रदेश जितका लहान, तितका चढउतार मोठा. म्हणून ‘२०५० मध्ये शहापुरात इतके मिलिमीटर पाऊस पडेल’ असा एकच आकडा कुणी दिला, तर विचारावे: कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती? मॉडेल किती वेळा चालवले?

हा प्रश्न विचारणे आपल्याच गरजेचे आहे. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबई पिते, आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. ‘पाऊस वाढणार’ एवढ्यावर कुणी पाण्याची योजना आखली आणि निसर्गाचा उतार दहा वर्षे चालला, तर पहिला हंडा रिकामा राहील तो पाड्यावरचा. पाऊस वाढला तरी तो जुलैच्या चार दिवसांत कोसळून खाडीला गेला, तर मे महिन्यात विहिरीला त्याचा उपयोग नाही.

शेतीचेही तेच. सगळ्या खाचरांत एकच वाण लावले तर सगळे एकाच पावसावर अवलंबून राहते. हळवे भात लवकर तयार होते, पण परतीचा पाऊस लांबला तर कापणीत सापडते. गरवे उभे राहते, पण पाऊस लवकर थांबला तर वरच्या खाचरात सुकते. दोन्ही थोडे थोडे ठेवणारा शेतकरी चढ आणि उतार दोन्ही धरून चालतो. पाण्याच्या योजनाही अशाच हव्यात: गावाजवळ साठा, ओढ्यावर बंधारे, आणि धरणाच्या वाटपात कोरड्या वर्षी पाड्यांचा हिस्सा आधीच ठरवलेला.

एक पावसाळा भरपूर झाला म्हणून हवामान बदल खोटा ठरत नाही, आणि एक कोरडा गेला म्हणून जमीन विकायची घाई नको. तापमानाची दिशा पक्की आहे. पावसाचा चढउतार मात्र आपल्या हयातीत आपल्याला दोन्ही बाजूंनी हलवत राहणार. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत पाण्याची योजना मांडली गेली, की घरातल्या बायाबापड्यांसह जा आणि एवढेच विचारा: ओल्या वर्षाचे सांगितलेत, आता कोरड्या वर्षाचे सांगा.