घाट उतरताना कुठला गिअर?

‘ऑटोमॅटिक घ्यावी का? पिकअप मार खातो म्हणतेत, ॲव्हरेजही देत नाही म्हणतेत.’ केज, नेकनूर, युसूफवडगाव, कळंब, फोन कुठूनही येवो, हल्ली पहिला प्रश्न हाच असतो. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, दवाखाना चालवणारे डॉक्टर असतात, वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांच्यासाठी गाडी बघणारी मुलं असतात. गेल्या आठवड्यात इथे टायरांवर लिहिलं, तरी बोलणं फिरून गिअरवरच आलं. म्हणून आज त्यावरच.

पिकअपची शंका आधी मिटवू. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही सभेबाहेर रांगेनं उभी दिसणारी फॉर्च्युनर घ्या. २०२१ पासूनच्या गाडीत २.८ लिटरचं तेच डिझेल इंजिन, तीच २०४ पीएस ताकद. पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, हातगिअरच्या गाडीत ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या १७५ पीएस डिझेलला हेच आकडे ३७० आणि ४००. नाशिकच्या पेट्रोल थारला ३०० आणि ३२०. इंजिन एकच असताना जोर कमी-जास्त का? कारण हातगिअरच्या पेटीला आणि क्लचला झेपेल एवढाच जोर कंपनी सोडते. चार माणसं आणि सामान भरून मांजरसुंब्याचा घाट चढायचा असेल, तर या गाड्यांत ऑटोमॅटिकच सरस ठरेल.

ॲव्हरेजचंही तसंच. मारुतीच्या २०२१ च्या सेलेरिओत कंपनीनं जाहीर केलेला आकडा व्हीएक्सआयला हातगिअरमध्ये लिटरला २५.२४ किलोमीटर होता, तर ऑटो गिअर शिफ्टमध्ये २६.६८. रस्त्यावर एवढं कुणालाच मिळत नाही, पण दोन आकड्यांतला फरक कुठल्या बाजूला आहे ते बघा.

मग ही समजूत आली कुठून? जुन्या ऑटोमॅटिकमुळे. तिच्यात तीन-चारच गिअर असत आणि इंजिनाचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाई. तेल घसरायचं, जोर उष्णता होऊन वाया जायचा. आता गिअर सहा-आठ झाले आणि गाडीनं वेग घेतला की कन्व्हर्टर आतून लॉक होतो, घसरण थांबते. शर्यतीच्या जगात तर हा वाद केव्हाच निकालात निघाला. १९८९ मध्ये ब्राझीलच्या ग्रां प्रीत फेरारीनं स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेल पहिल्याच शर्यतीत जिंकला. क्लच दाबून दांडा हलवायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आजची दोन क्लचची पेटी सहज दोन-तीन गिअर बदलते.

तरीही शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि इथे आपल्या भागातल्या माणसाची फसगत होते. टॉर्क कन्व्हर्टर वेगळा, पट्टा आणि पुलीवर चालणारी सीव्हीटी वेगळी, दोन क्लचची डीसीटी वेगळी, आणि सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यात जास्त खपणारी एएमटी वेगळी. एएमटी, म्हणजे मारुतीच्या भाषेत ऑटो गिअर शिफ्ट, भारतात २०१४ मध्ये सेलेरिओतून आली. तिच्यात पेटी हातगिअरचीच, क्लच प्लेटही तीच. फक्त डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक यंत्र करतं. पायाला त्रास असणाऱ्यासाठी, गावातल्या गावात फिरणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे आणि ती कमी पैशांत मिळाली, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण घाटाच्या रोजच्या वाटेवर मी ती कुणाला सुचवत नाही.

का, ते एका गॅरेजमध्ये बघायला मिळालं. मिस्त्रींनी नुकतीच एका एएमटी गाडीची पेटी उतरवली होती. क्लच प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं, आणि प्रेशर प्लेटच्या चकचकीत लोखंडावर निळे-जांभळे डाग. लोखंड तापून निळं पडलं होतं. जळक्या अस्तराचा वास अजून जात नव्हता. ‘मालक चढावर ब्रेक धरत नाहीत,’ मिस्त्री म्हणाले. ‘पुढं ट्रॅक्टर थांबला की हे रेस देऊन गाडी जागेवर उभी करतेत. म्हणतेत, ऑटोमॅटिक आहे, चालतं.’ टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत असं केलं तर तेल तापतं, थोडा वेळ निभावून जातं. एएमटीत मात्र तो सरळसरळ हाफ क्लच असतो. आपल्याला क्लचचं पेडल दिसत नाही, म्हणून प्लेट घासतेय हे लक्षातही येत नाही. अशा वेळी पायाचा ब्रेक किंवा हँडब्रेक लावून थांबायचं, एवढी गोष्ट गाडी देताना कुणी सांगितली असती तर तो खर्च वाचला असता.

पण चढ हा निम्माच घाट झाला. मला खरी काळजी उतरणीची आहे, आणि तिच्याबद्दल फोनवर कुणी विचारत नाही.

धारूर घाटाच्या माथ्यावर गळिताच्या दिवसांत पाच मिनिटं थांबून बघा. तेलगावच्या कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर उतार सुरू होण्याआधी जवळजवळ थांबतो. ड्रायव्हर हाय-लोचा दांडा लो वर घेतो, गिअर टाकतो, मगच खाली निघतो. इंजिन ओरडत असतं, मागचे लोक हॉर्न वाजवत असतात, तो ढिम्म. मागं दोन ट्रॉल्यांचं वजन आहे आणि एकदा ती ढकलायला लागली की गिअर पडणार नाही, हे त्याला माहीत असतं. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा नियम आपल्याकडच्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. कारवाला मात्र तो विसरत चाललाय.

हिशेब करून बघा. माणसांसह १६०० किलोची गाडी २०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात दहा लिटर गार पाणी उकळीला येईल. गाडी गिअरात असेल तर त्यातला बराचसा भार इंजिन घेतं. नसेल तर सगळी उष्णता चार चाकांच्या लायनर-पॅडमध्ये जाते. ते तापले की पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अशाच अपघातांनी बदनाम झालाय. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतली मुलं रोज त्या रस्त्यानं जातात.

उतारावर न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचतं, असं अजूनही सांगितलं जातं. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरात असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण तुटतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलवाला इंजिनाचा ब्रेकही गमावतो आणि डिझेलही. इंजिनच बंद केलं तर ब्रेकच्या बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. यात बचत कसली?

ऑटोमॅटिक इथेच कमी पडते. तिला पुढचं वळण दिसत नाही. तिला कळतो फक्त वेग, इंजिनाचे फेरे आणि तुमचा पाय. उतारावर तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बऱ्याच गाड्या समजतात, जोर नको आहे, आणि वरचा गिअर घेतात. इंजिनाची पकड सुटते, गाडी मोकळी धावते, मग तुम्ही ब्रेकवर उभे. उतार ओळखून गिअर धरून ठेवणाऱ्या पेट्या आहेत, पण सगळ्याच गाड्यांत नाहीत. उपाय बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये दिलेला असतो, कुठे एमजवळचं अधिक-उणे, कुठे एल किंवा एस, कुठे स्टिअरिंगमागच्या पट्ट्या. गाडी घेऊन वर्षं झालेल्या कितीतरी मालकांनी त्याला हातच लावलेला नसतो.

त्यातही एक बारकावा आहे. उणे दाबायचं ते उतार लागण्याआधी. वेग वाढल्यावर दाबलं तर इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातील म्हणून पेटी खालचा गिअर नाकारते. तेव्हा आधी ब्रेकनं वेग कमी करावा लागतो, आणि ब्रेक आधीच तापलेले असतील तर वेळ निघून गेलेली असते. सीव्हीटीत डी वर इंजिनाचा अडकाव फारसा जाणवत नाही, त्यामुळे एल किंवा एस तिथे लागतोच. डीसीटी आणि एएमटी एम वर घेतल्या तर उतारावर चांगल्या धरतात, मात्र एएमटी अगदी हळू झाली की क्लच सोडते आणि गाडी पुन्हा मोकळी होते. टॉर्क कन्व्हर्टरच्या सहा गिअरांच्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्यावर लावून घाट उतरणं मला सगळ्यात निश्चिंत वाटतं. पैशांची सोय होत असेल तर घाटाच्या माणसानं तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नसेल तर हातगिअर. बोलेरो इतकी वर्षं हातगिअरवरच आपल्या रस्त्यांवर टिकून आहे.

विजेच्या गाडीत गिअर बदलायचे नसतात. तिथे मोटरच उलटी राबून बॅटरी भरते आणि गाडीला अडवते, उतारासाठी छान सोय आहे. पण घाटमाथ्यावरच्या गावात रात्रभर लावून शंभर टक्के भरलेली बॅटरी आणखी वीज घेत नाही, त्यामुळे नेमका पहिल्याच उतारावर हा ब्रेक ढिला पडतो. घाटाखाली जायचं असेल तर चार्जिंग थोडं आधी थांबवा.

आता ज्यांनी हे शिकवायचं त्यांच्याबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातल्या १५व्या नियमात लायसन्सच्या चाचणीत उमेदवाराकडून काय करून घ्यायचं याची यादी आहे. उतारावर चटकन खालचे गिअर घेता येणं हे त्या यादीत लिहिलेलं आहे. चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणंही आहे. तुमच्याकडून यातलं कुणी करून घेतलं होतं का, आठवून बघा. सपाट मैदानावर आठचा आकडा काढला, रिव्हर्स घेतली आणि लायसन्स घरी आलं, हाच बहुतेकांचा अनुभव. ऑटोमॅटिकमुळे हे शिक्षण आणखी मागे पडतंय, कारण गिअर शिकायचेच नाहीत अशी शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची दोघांचीही समजूत झालीय. बालाघाटाच्या कुशीतल्या जिल्ह्यात ड्रायव्हिंग स्कूलनं फीमध्ये घाटाची एक फेरी धरलीच पाहिजे, आणि चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यानं नियमात आहे तेवढं तरी करून घेतलं पाहिजे.

गाडी बघायला बीडला जाणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला सपाट हायवेवर दोन किलोमीटर फिरून समाधान मानू नका. मांजरसुंब्याचा घाट शहरापासून फार लांब नाही. घरातली माणसं मागे बसवा, पालीवरून घाट चढा, वर जाऊन वळवा. उतार लागण्याआधी गाडी एम वर घ्या, उणे दाबून तिसऱ्यावर आणा, पाय दोन्ही पेडलवरून काढा आणि वेगाच्या काट्याकडे बघा. काटा भराभर चढत असेल तर वेळीच ब्रेकनं वेग आवरून दुसरा घ्या. तरीही चढत असेल, किंवा पेटी स्वतःहून चौथा घेत असेल, तर सोबत आलेल्या सेल्समनला तिथेच कारण विचारा. त्याला सांगता आलं नाही तर बुकिंगचे पैसे त्या दिवशी भरू नका.